आडनावावरचं टिंब

१

पाटीवाल्यांच्या दुकानाचं शटर सकाळी दहाला अर्धं वर जायचं आणि सव्वादहाला पूर्ण. मधली पंधरा मिनिटं ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे नुसतेच बघत राहायचे. भिंतीवर नमुन्याच्या पाट्या होत्या. डॉक्टर, वकील, ‘कुत्र्यापासून सावध’, ‘घंटा वाजवा’ आणि तिच्या खालीच ‘घंटा बंद आहे, दार वाजवा’. चाळीस वर्षं हा माणूस लोकांची नावं पितळेत कोरत होता, आणि भिंतीकडे बघताना त्याला अजून कंटाळा येत नव्हता.

एक वाजता बाई डबा घेऊन यायच्या. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत तीस वर्षं भाषा शिकवल्यामुळे अख्खी वस्ती त्यांना बाईच म्हणायची. डबा खाली ठेवायच्या आधी बाई तयार पाट्यांवरून नजर फिरवायच्या आणि काही खटकलं की नखाने टकटक करायच्या.

“अहो, ‘निवास’ची नि दीर्घ कधीपासून झाली?”

“गिऱ्हाईकाने तशीच लिहून दिली.”

“गिऱ्हाईक विहिरीत उडी मार म्हणालं तर माराल?”

असा संसार होता. मूलबाळ झालं नाही. त्याचं जे काही रडायचं ते दोघांनी तरुणपणीच रडून घेतलं होतं, आणि आता एकमेकांना चिडवण्यात दिवस बरे जात होते.

एका सोमवारी शटर वर केलं तर आत जमिनीवर चार घड्यांचा कागद पडला होता. शटरखालून सरकवलेला असावा. त्यावर एक आडनाव, पाटीची लांबी-रुंदी, कालव्यापलीकडच्या एका गल्लीचा पत्ता आणि शेवटी ‘दाराला लावून द्यावी’ एवढंच लिहिलं होतं.

आडनाव पाटीवाल्यांचंच होतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग हसले. बाईंचीच चेष्टा असणार. पण डबा उघडता उघडता बाईंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, “माझं अक्षर एवढं गिचमिड आहे होय? आणि हे टिंब कशाला दिलंय?”

पाटीवाल्यांनी तोपर्यंत टिंब पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या अक्षराच्या डोक्यावर ते होतं. जिथे असायला हवं, बरोबर तिथेच.

२

या आडनावाची गोष्ट अशी, की ते कुणालाही एका दमात कळायचं नाही. चार अक्षरं, त्यांतलं दुसरं जोडाक्षर. पोस्टमन एक लिहायचा, दवाखान्यात दुसरं, वीजबिलावर तिसरंच. पाटीवाले लहानपणापासून ‘म्हणजे कसं हो?’ या प्रश्नाला उत्तर देत आले होते, आणि हल्ली तर ते लोकांना ‘पाटीवालेच लिहा’ म्हणून मोकळे व्हायचे.

आडनाव आलं कुठून, याबद्दल घरात तीन मतं होती. वडील म्हणायचे, आपले पूर्वज विहिरीचे रहाट बनवायचे, त्या रहाटाच्या एका भागाला हे नाव होतं. काका म्हणायचे, छे, ते नदीत बुडालेल्या एका गावाचं नाव. आणि पाटीवाल्यांची थोरली बहीण अक्का म्हणायची, “नोंद करताना कारकुनाला शिंक आली, दुसरं काय!”

वडिलांनी एक वही केली होती. या आडनावाची जेवढी माणसं पत्राने, ओळखीने, कानोकानी सापडली तेवढी त्यांनी टिपली. भरली एकेचाळीस. वडील त्या आकड्यावर फार खूश असायचे. पण पुढे मुली लग्न होऊन गेल्या, एक चुलतभाऊ परदेशी जाऊन आडनाव अर्धं कापून बसला, दोघांनी सोपं आडनाव घेतलं, बाकीचे वयाने गेले. वही पाटीवाल्यांकडे आली तेव्हा अकरा उरले होते. आता तीन. पाटीवाले, बाई आणि अक्का. अक्काने लग्न केलं नाही, म्हणून तिचं आडनाव शाबूत राहिलं.

टिंबाचं म्हणाल तर ते पणजोबांच्या काळात होतं. आजोबा नोकरीला लागले त्या कचेरीच्या टंकयंत्रावर टिंब उमटत नव्हतं, म्हणून ते गळालं ते गळालंच. वहीच्या पहिल्या पानावर वडिलांनी तेवढं एकदा टिंबासकट लिहून ठेवलं होतं. ते पान पाटीवाल्यांनी बाईंनाही कधी मुद्दाम दाखवलं नव्हतं.

“तिसरं घर आहे म्हणजे!” अक्का फोनवर ओरडलीच. “छोट्या, अरे, आपलं कुणीतरी आहे!”

बासष्ट वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस होतं. अक्का इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची.

“कुणी आपल्याच वहीतलं विसरलेलं असेल,” पाटीवाले म्हणाले.

“मग कर की लवकर पाटी. आणि हो, टिंब विसरू नकोस. पहिल्याच भेटीत नाक कापून घेशील.”

३

पाटी मात्र मनासारखी झाली. पाटीवाल्यांनी ती मशिनवर न कोरता हाताने कोरली, काळा रंग भरला, दोनदा घासली. टिंब कोरताना जीभ दातांत धरली होती, असं बाई नंतर सांगायच्या.

बुधवारी दुपारी चारला ते कालवा ओलांडून गेले. गल्ली अगदी साधी होती. सायकल दुरुस्तीचं दुकान, वाळत घातलेल्या चादरी, नळावर भांडी. घर शेवटचं, बैठं, पांढऱ्या भिंतींचं. दाराबाहेर चपला होत्या. भरपूर. मोठ्या, छोट्या, बायकांच्या, एक अगदी तान्ह्या पोराच्या मापाची. सगळ्या टाचेला डाव्या बाजूने झिजलेल्या. पाटीवाल्यांना गंमत वाटली, कारण त्यांच्याही चपला तिथेच झिजायच्या.

आतून बोलण्याचे आवाज येत होते. लग्नघरात येतात तसे, सगळे एकदम. कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी खळखळून हसलं. त्यांनी दार वाजवलं. आवाज थांबले नाहीत, पण एक बाईमाणूस आतूनच म्हणालं, “लावा हो तुम्ही. माप तुमचंच आहे.”

दाराला भोकं आधीच पाडलेली होती. पाटीवाले भोकांमधलं अंतर स्वतःच्या एका जुन्या कागदी साच्यावरून घ्यायचे, आणि तो साचा दुकानाबाहेर कधी गेला नव्हता. पाटी धरली तर स्क्रू असे बसले, जणू रोज त्याच भोकांत बसत होते. योगायोग, त्यांनी मनाशी म्हटलं. चाळीस वर्षांत कधीतरी माप जुळणारच.

काम झाल्यावर दार वीतभर उघडलं आणि एक हात पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. करंगळी आत वळलेली होती. पाटीवाल्यांची करंगळी तशीच होती, वडिलांचीही होती. त्यांचा ऊर भरून आला.

“आपण कोणत्या शाखेतले?” त्यांनी विचारलं. “माझ्याकडे वही आहे. किती जण आहात?”

“दोघं यायचीत अजून,” आतला आवाज म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला की, त्या घरात यायचं राहिलेल्या दोघांचा त्यांना क्षणभर हेवाच वाटला. “बसा ना घटकाभर.”

“दुकान उघडं आहे,” असं म्हणून ते निघाले. दुकान तर ते बंद करून आले होते. असं का म्हटलं, कोण जाणे.

४

“नावं विचारली नाहीत?” बाई म्हणाल्या. “चेहरा पाहिला नाही? मग करून काय आलात?”

“पाणी प्यालो.”

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या रात्री जेवताना त्यांनी सहज विचारलं, “चपला किती होत्या म्हणालात?”

पाटीवाल्यांनी मोजल्या नव्हत्या. डोळ्यांसमोर आणून बघितलं तर ओळ संपेना.

पुढच्या सोमवारी शटरखाली दुसरा कागद आला. तेच अक्षर, तोच पत्ता. या वेळी आडनावाआधी नावही होतं. अक्काचं. तेही तिच्या जन्मदाखल्यावरचं पूर्ण नाव, जे घरातही कुणी घेत नव्हतं.

त्यांनी लगेच फोन लावला. “अक्का, तू पाटी सांगितलीस का माझ्याकडे?”

“मी? एका खोलीच्या घराला किती पाट्या लावू?” ती हसली. मग म्हणाली, “थांब, त्या लोकांनी सांगितली असेल. मी जाऊन आले ना परवा.”

“एकटी?”

“मग काय वरात काढू? अरे, काय माणसं आहेत! मला बसवून घेतलं, पाय चेपून दिले. माझा गुडघा बघ, आठ वर्षांत पहिल्यांदा जिना उतरले न धरता. तू गेलास आणि दारातूनच परत आलास म्हणे. वाईट वाटलं त्यांना.”

“कोण आहेत ते, अक्का? कुणाची मुलं?”

“आपलीच रे,” ती म्हणाली. “विचारायचं सुचलंच नाही.”

इस्पितळात येणाऱ्या प्रत्येकाची सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या अक्काला हे सुचलं नाही. पाटीवाल्यांनी तो कागद खणात टाकला आणि पाटी काही केली नाही. आधी वेळ नाही म्हणून, मग पत्रा संपला म्हणून. खरं कारण त्यांनी बाईंनाही सांगितलं नाही, कारण ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

५

त्यानंतर अक्का रोज तिकडे जाऊ लागली. फोनवर आवाज टवटवीत, पण बोलणं दिवसेंदिवस आखूड. “निघते रे, वाट बघताहेत.” एकदा पाटीवाल्यांनी मागून आवाज ऐकला, “छोट्या आहे का? दे दे.” पाच-सहा जण एकदम हसले. त्यांनी फोन ठेवून दिला, आणि मग बहिणीचा फोन आपण असा ठेवला म्हणून संध्याकाळभर हळहळत राहिले.

मग फोन लागेनासा झाला. दोन दिवस वाट बघून ते तिच्या खोलीवर गेले. खोली उघडी होती. आत काहीच नव्हतं. पलंग गेला, कपाट गेलं, भिंतीवर कॅलेंडरची जागा तेवढी पांढरी राहिली होती. फरशी धुतलेली होती. घरमालकीण खिडकीचे गज पुसत होती.

“अहो, तुम्ही परत आलात?” ती म्हणाली. “काही राहिलं का?”

“परत म्हणजे? मी आजच येतोय.”

तिने फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे निरखून बघितलं. “मग ते बाकीचे असतील. काल दुपारी अक्कांचे भाऊ आले होते ना न्यायला. सहा-सात जण. किती जपून उतरवलं त्यांना! मला हेवा वाटला बघा. आमच्याकडे सख्खे फिरकत नाहीत.”

“तिला मी एकच भाऊ आहे,” पाटीवाले म्हणाले.

“असं कसं? सगळे तुमच्यासारखेच होते की,” घरमालकीण म्हणाली. मग स्वतःच काही आठवल्यासारखी थांबली आणि पुन्हा, थोड्या हळू आवाजात म्हणाली, “अगदी तुमच्यासारखेच.”

६

“मी येते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पुन्हा पाणी पिऊन याल.”

दुपारचे साडेतीन झाले होते. गल्लीत ऊन होतं, सायकलवाला पंक्चर काढत होता. चपलांची ओळ दारापासून कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि तिच्या शेवटी अक्काच्या निळ्या चपला होत्या. एका महिन्यात त्याही टाचेला डाव्या बाजूने झिजल्या होत्या.

दारावर पाटीवाल्यांनी लावलेली पाटी होती. तिच्याखाली दुसरी होती, अक्काच्या नावाची. पाटीवाले तिच्याकडे बघत राहिले. अक्षरं त्यांचीच होती. त्यांनी न कोरलेली.

“कुणी गिरवली असतील,” ते म्हणाले. “पहिली पाटी समोर ठेवून. कुणालाही जमेल.”

“हो,” बाई म्हणाल्या. “आणि ही कुणाची?” त्यांचं बोट अक्काच्या पाटीखाली गेलं. तिथे लाकडात दोन नवीन भोकं होती. भुसा अजून उंबऱ्यावर पडलेला होता.

बाईंनी दार वाजवलं, शाळेत टेबल वाजवावं तसं. आतली गडबड या वेळी थांबली. दार वीतभर उघडलं. कुणी दिसलं नाही, पण आवाज अगदी जवळून आला.

“या. तुमचं माहेरचं आडनाव काय हो?”

असं विचारतातच. बाईंनी आयुष्यात शंभर वेळा उत्तर दिलं असेल. त्यांनी सांगितलं. बाजारात हाक मारली तर दहा जण वळतील असं साधं आडनाव.

“अच्छा,” आवाज म्हणाला. राग नव्हता त्यात. उलट समजूत घातल्यासारखा होता. “मग तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

दार आणखी उघडलं. लांबलचक खोली होती. एवढ्याशा घरात एवढी खोली मावणार नाही, हा विचार पाटीवाल्यांच्या डोक्यात आला आणि तसाच अडकून पडला. मधोमध टेबल, दोन्ही बाजूंना माणसं, सगळी पाठमोरी वाटावीत अशी बसलेली. मानेवर केसांचा भोवरा प्रत्येकाचा उजवीकडे. टेबलाच्या या टोकाला अक्का होती, तिची जांभळी शाल त्यांनी ओळखली. तिच्या शेजारी एक खुर्ची मोकळी होती.

“अक्का,” त्यांनी हाक मारली.

सगळी वळली. अक्का तेवढी वळली नाही.

पाटीवाल्यांनी काय पाहिलं ते त्यांनी पुढे कधी नीट सांगितलं नाही. बाई दाराच्या आडोशाला होत्या, त्यांना दिसलं नाही. एकदाच ते म्हणाले, की चेहरे पुष्कळ नव्हते. एकच होता, वेगवेगळ्या वयांचा. म्हाताऱ्याचा, एखाद्या बाईमाणसाचा, मांडीवरच्या पोराचा. आणि त्या प्रत्येकावर इतकी माया होती, की आपला पाय आपोआप उंबऱ्यावर गेला.

बाईंनी त्यांची कॉलर धरली आणि मागे ओढलं. तीस वर्षं पोरांना भांडणातून सोडवलेला हात होता तो. दोघं कालव्यापर्यंत मागे न बघता चालत आली. पुलावर पाटीवाले कठड्याला टेकले आणि रडले.

“तिला सोडून आलो मी.”

“तिने मागे वळून बघितलं नाही,” बाई म्हणाल्या. “का, ते मला माहीत नाही. पण तुम्ही आत जावं असं तिला वाटलं असतं, तर तिने हाक मारली असती.”

७

घरी पोचल्यावर बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : “पाटी काढा.”

“कोणती?”

“आपल्या दारावरची. उद्या माझ्या माहेरच्या नावाची करून लावा.”

“अगं, वडिलांचं नाव आहे ते. त्यांचे एकेचाळीस होते. मीच टाकून दिलं तर मागे उरलं काय?”

“तुम्ही,” बाई म्हणाल्या. “मला तुम्ही पुरता.”

दुसऱ्या सकाळी पाटीवाल्यांनी शटर अर्धंच ठेवलं आणि ते साधं आडनाव कोरलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दारासाठी खोटी पाटी. जुनी काढताना स्क्रू इतके गंजलेले निघाले की दाराचा थोडा रंगही सोबत आला. त्या दिवसापासून दोघांनी दुकानाला सुट्टी दिली आणि घरातच बसून राहिली. पत्ते खेळली. बाई मुद्दाम हरत होत्या, आणि ते पाटीवाल्यांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, जिन्यावर पावलं वाजली.

बाईंनी गॅस बंद केला. दोघं दारामागे येऊन उभी राहिली. पुष्कळ पावलं होती आणि सगळी एका ठेक्यात पडत होती, टाचेवर, डावीकडे कललेली. मजल्यावर आली आणि थांबली. बाहेर एवढी माणसं उभी असून श्वास एकाच माणसाचा ऐकू येत होता.

“हेच ना?” कुणीतरी विचारलं. पाटीवाल्यांना वाटलं आपणच बोललो. बाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, म्हणजे त्यांनाही तसंच वाटलं असणार.

मग पितळेवरून बोट फिरल्याचा आवाज आला. हळू, एकेका अक्षरावरून. अक्काच्या नखांचा तो आवाज होता. ती आडनाव मोठ्याने वाचत होती, पहिलीतल्या पोरासारखं तोडून तोडून. वाचून झाल्यावर नख एका कान्यावरून पुन्हा एकदा फिरलं.

“नाही,” अक्का म्हणाली. “हे नाही.”

“नक्की?”

“माझ्या भावाचं घर मला कळणार नाही होय? दुसरंच कुणीतरी राहतंय इथे. तो गाव सोडून गेला असेल. लहानपणापासून भित्राच आहे तो. चला, उगाच लोकांची दुपारची झोपमोड नको.”

पावलं उतरू लागली. एक मजला, दुसरा मजला. पण सगळी उतरली नव्हती. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, लाकडाला ओठ लावल्यासारखा, दबका आवाज आला.

“काना अजून तसाच मारतोस रे, मेल्या. शेवटी झटका देऊन.”

पाटीवाल्यांचा हात कडीकडे गेला. बाईंनी तो पकडला नाही. नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“बाईंना जप,” दारापलीकडून आवाज आला. खालून हाका येऊ लागल्या होत्या, खूप जणांच्या, प्रेमळ. “आले गं, आले,” अक्का मोठ्याने म्हणाली आणि जिना उतरू लागली. शेवटच्या पायऱ्यांवर तिचाही पाय त्या ठेक्यात पडू लागला, आणि मग कोणता तिचा ते कळेनासं झालं.

पाटीवाल्यांनी कडी उघडली नाही. दाराला तळहात लावून ते तसेच उभे राहिले. बाईंनी चहा पुन्हा ठेवला, गाळला, कप त्यांच्या दुसऱ्या हातात दिला, आणि तो निवेपर्यंत त्याही तिथेच उभ्या राहिल्या.